तुझं काय राहिलंय? : मुलांच्या भूतकथांविषयी

मराठी भुताला कारण लागतं. उगाच कुणी भूत होत नाही. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत जो पोरगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते. बुडून मेलेला गिऱ्हा त्याच डोहाशी घुटमळतो. पुरलेल्या धनावर जीव ठेवून गेलेला समंध हंड्यावर पहारा देतो. नावं दचकवणारी असली तरी प्रत्येक नावामागे एक अर्धवट सुटलेलं आयुष्य आहे, आणि ऐकणाऱ्याला ते फोड करून सांगावं लागत नाही.

ही नावं कागदावर आली त्यात शाळामास्तरांचा मोठा वाटा आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याला 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, हे आपण इतिहासात शिकतो. याच जॅक्सनने गावोगावच्या मास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती जमवल्या होत्या. त्यातली कोकणची माहिती आर. ई. एन्थोव्हेनने पुढे संपादित करून 1915 मध्ये प्रसिद्ध केली. भूत कुठे राहतं, कुणाला धरतं आणि कशाने शांत होतं, हे सारं त्यात आहे. शेवटचा भाग आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्या भुताचा निकाल अंगारा-उताऱ्याने लागतो तसाच त्याची मागणी ओळखूनही लागतो.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावरच्या माणसांची जी चुळबुळ सुरू होते, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. कुणी म्हणतं, धाकटीच्या लग्नाचं राहिलं असेल. कुणी दबक्या आवाजात म्हणतं, भावाशी अबोला होता ना. मग एकजण पुढे होतो आणि हात जोडून मोठ्याने सांगतो, "धाकटीचं आम्ही बघू. काळजी करू नका." कावळा त्यानंतर शिवतो की नाही हा भाग निराळा. घरात इतकी वर्षं जे कुणी तोंडातून काढलं नव्हतं, ते त्या दिवशी चारचौघांत बोललं जातं. या संग्रहातल्या गोष्टींनी आपली रीत तिथून घेतली आहे. भूत समोर आलं की पळायचं नाही आणि त्याला खोटंही पाडायचं नाही. त्याला विचारायचं, तुझं काय राहिलंय?

मुलांसाठीची भूतकथा म्हणजे मोठ्यांची भयकथा, रक्त थोडं कमी करून, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हा संग्रह ज्या प्रकारात बसतो तो वेगळा आहे. मुलांच्या मनात काही गोष्टी अशा असतात की त्या सरळ विचारल्या तर उत्तर येतं, "काही नाही." आजी गेली आणि आपण तिच्या शेवटच्या फोनवर कंटाळून पटकन बाय म्हटलं होतं. बाळ झाल्यापासून आई आपली राहिली नाही. आईबाबांचं भांडण आपल्यामुळे झालं. आजारी काका एकदाचे सुटले तर बरं, असं आपल्या मनात आलं, आणि मग खरंच गेले. अपराधीपणा, मत्सर, लाज, संताप यांना नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे शब्द नसतात. असले तरी ते उच्चारायची छाती होत नाही. भूत या ठिकाणी मुलाच्या कामी येतं. ते बाहेर उभं असतं, त्यामुळे त्याच्याकडे बघता येतं. आणि ते गोष्टीतलं असतं, त्यामुळे पुस्तक मिटता येतं.

या विषयाचा मराठीतला इतिहास पाहिला तर ठळक असे चार प्रवाह दिसतात.

पहिला धाक दाखवणारा. बागुलबुवा हा त्याचा मूळपुरुष. "जेव, नाहीतर बुवा येईल" यात गोष्ट नाहीच, नुसती धमकी आहे. पण ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाऊ नको, दुपारी विहिरीत डोकावू नको, या सांगण्यात मुलांना धोक्यापासून जपण्याचा व्यवहारही होता. हा प्रवाह आपलाच नव्हे. फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमान याने आपल्या मुलासाठी लिहिलेलं आणि 1845 मध्ये छापलेलं 'श्ट्रूव्हलपेटर' हे त्याचं युरोपातलं प्रसिद्ध उदाहरण. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी येऊन कात्रीने उडवतो.

दुसरा उलगडा करणारा. पडक्या वाड्यात रात्री दिवा हलतो, गाव घाबरतं, दोन धीट पोरं लपून बसतात आणि भूत म्हणजे माल लपवणारा चोर निघतो. मराठी साहसकथेने हा साचा मनापासून वापरला, आणि त्यामागे सुधारकी परंपरेचं बळ होतं. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भुताच्या नावावर माणसं नागवली जातात, बायकांना चेटकीण ठरवून मारलं जातं, अशा समाजात या प्रवाहाचं मोल कमी लेखता येणार नाही. त्याची मर्यादा एवढीच की चोर पकडला गेल्यावर घाबरलेल्या मुलाकडे पुन्हा कुणी वळून बघत नाही. भीती खोटी होती, विषय संपला.

तिसरा हसवणारा, आणि मराठीत हा सर्वांत समृद्ध. विंदा करंदीकरांनी 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' लिहून भुतांचं अख्खं बिऱ्हाड मुलांच्या ओळखीचं करून टाकलं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकात दिलीप प्रभावळकरांची चेटकीण रंगमंचावर आली की मुलं किंचाळायची आणि तिचीच वाट बघायची. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या गुपी-बाघाच्या गोष्टीत भुतांचा राजा वर देतो. नातू सत्यजित राय यांनी 1969 मध्ये तिचा चित्रपट केला. हसून भीती हातात येते, हे खरं. पण जे दुःख आहे ते हसण्याने हलकं होतंच असं नाही.

चौथा ऐकून घेणारा प्रवाह. हा आपल्याकडे जुना आहे, फक्त मुलांच्या पुस्तकांत तो क्षीण राहिला. वेताळाला आठवा. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त तो आहे, मराठी 'वेताळ पंचविशी'त आहे, आणि 'चांदोबा'च्या कित्येक वाचकांसाठी तो शंकर यांच्या चित्रातला आहे: हातात तलवार घेतलेला राजा आणि खांद्यावर लोंबणारं प्रेत. हा वेताळ राजाला खात नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी असा प्रश्न टाकतो की ज्याला सोपं उत्तर नाही. त्याची अट कडक आहे. उत्तर माहीत असूनही गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी झाडावर परत. म्हणजे बोलूनही सुटका नाही, पुन्हा त्याच वाटेने यायचं आहे. पण गप्प बसणं त्याहून घातक. मनात दाबून ठेवलेल्या गोष्टीचं इतकं नेमकं वर्णन आम्हाला दुसरीकडे सापडलेलं नाही.

मराठीत मोठ्यांच्या गूढकथेने हे ओळखलं होतं. नारायण धारपांनी भय घराघरांत नेलं, तर मतकरींच्या गूढकथांत भुतापेक्षा माणसाचं मन जास्त वेळा दार ठोठावतं. बालरंगभूमी उभी करणारा आणि गूढकथा लिहिणारा माणूस एकच असूनही ते मन मुलांच्या भूतकथेत फारसं उतरलं नाही. मुलांना दुःख द्यायचं तर ते संस्कारकथेतून, आणि भूत द्यायचं तर गंमत म्हणून, अशी वाटणी आपण करून ठेवली.

इंग्रजीत ही वाटणी बरीच आधी मोडली. ऑस्कर वाइल्डच्या 1887 च्या 'कँटरव्हिल घोस्ट'मध्ये अमेरिकी कुटुंब भुताला जुमानत नाही, जुळी पोरं त्याला उशा फेकून मारतात. आणि मग घरातली व्हर्जिनिया त्याच्याजवळ बसते, त्याचं ऐकते, त्याच्यासाठी रडते. एकाच कथेत तिसऱ्या प्रवाहातून चौथ्यात जाता येतं, ते असं. फिलिपा पिअर्सच्या 'टॉम्स मिडनाइट गार्डन'मध्ये (1958) भावाला गोवर झाला म्हणून मावशीकडे पाठवलेला टॉम रात्री तेरा ठोके पडल्यावर एका बागेत जातो. तिथली हॅटी आणि तो, दोघं एकमेकांना भूत समजून भांडतात. एकटेपणाचं हे चित्र आहे, आणि एकटेपणा हा शब्द वापरावा लागत नाही. पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स' 2011 चं. शिव्हॉन डाउड ही लेखिका कर्करोगाने गेली, तिची राहिलेली कल्पना नेसने पूर्ण केली. आई आजारी असलेल्या कॉनरकडे रात्री एक राक्षस येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी कॉनरकडून मागतो. ती चौथी गोष्ट म्हणजे, हे सगळं एकदाचं संपू दे असं त्याला वाटलं होतं, ही कबुली. वेताळाचाच हा दूरचा नातलग.

आता नायमेखनविषयी, कारण हे पुस्तक इथे तयार झालं. हॉलंडमधलं, जर्मनीच्या सीमेजवळ, वाल नदीच्या काठचं हे जुनं गाव. एनएक्सपीचा चिप कारखाना आणि राडबाउड विद्यापीठ यांच्या निमित्ताने भारतीय कुटुंबं इथे येतात, त्यात आपली माणसंही. बाजारचौकात, ग्रोटे मार्क्टवर, मारिकेन नावाच्या मुलीचा पुतळा आहे. तिची गोष्ट अँटवर्पमध्ये 1515 च्या सुमाराला छापली गेली. मामाने तिला नायमेखनला सामान आणायला पाठवलं. उशीर झाला, म्हणून ती रात्रीपुरता आसरा मागायला मावशीकडे गेली. मावशीने वाट्टेल ते बोलून तिला हाकलून दिलं. अंधारात रडत बसलेली मारिकेन म्हणाली, देव येवो की सैतान, मला सारखंच. आला तो सैतान, एका डोळ्याचा मूनेन. त्याने तिला साऱ्या भाषा आणि विद्या शिकवायचं कबूल केलं. त्याची एक अट अशी, मारिया या नावाशी नातं सांगणारं तिचं नाव टाकायचं. सात वर्षं ती त्याच्याबरोबर राहिली. मग एकदा नायमेखनला आली असता रस्त्यावर गाड्यावरचं नाटक चाललं होतं. ते बघता बघता तिचं मन फिरलं.

परगावी वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांनी ही गोष्ट नीट वाचावी. सैतान येतो तो अपमानाच्या क्षणी, आणि तो आधी नाव काढून घेतो. वर्गात हाक मारायला सोपं पडावं म्हणून आपलं नाव स्वतःच अर्धं करून आलेली मुलं आपल्या घराघरांत आहेत. आणि मारिकेनला परत आणते ती एक गोष्ट, चौकात उभ्याने बघितलेली. पीटर व्हान खेस्टल यांनी 1997 मध्ये मुलांसाठी 'मारिकेन' ही कादंबरी लिहिली. पाचशे वर्षांपूर्वीच्या नाटकातून मुलांच्या मनापर्यंत यायला डच साहित्याला वाट सापडली.

याच गावात दुसरं एक न बोललेलं दुःख आहे. 22 फेब्रुवारी 1944 ला दुपारी अमेरिकी विमानांनी नायमेखनवर बाँब टाकले. जर्मनीवरची मोहीम अर्ध्यावर सोडून परतताना वाटेत दिसेल त्या लक्ष्यावर बाँब टाकायचे होते, आणि हे गाव हॉलंडमधलं आहे हे ध्यानात आलं नाही. सुमारे 800 माणसं गेली. राडहाउसहोफमधल्या माँटेसोरी शाळेत 24 लहान मुलं आणि 8 जोगिणी मेल्या. बाँब मित्रराष्ट्राचे होते, त्यामुळे रागवायचं कुणावर हेच कळेना, आणि गाव कित्येक वर्षं त्याविषयी मोठ्याने बोललं नाही. शाळेच्या जागी हेंक व्हिस यांनी केलेलं स्मारक 2000 पासून उभं आहे. त्याचं रूप झोपाळ्याचं आहे. 2013 मध्ये वालवर 'दे ओव्हरस्टेक' हा पूल झाला. सप्टेंबर 1944 मध्ये तिथे नदी ओलांडताना मारल्या गेलेल्या 48 अमेरिकी सैनिकांसाठी त्यावर दिव्यांच्या 48 जोड्या आहेत. रोज सूर्यास्ताला त्या एकेक करून लागतात आणि एक माजी सैनिक त्यांच्या गतीने पूल चालत जातो. ज्या देशाच्या विमानांनी गाव जाळलं, त्याच देशाच्या पोरांसाठी रोज दिवे लावणं, या दोन्ही गोष्टी नायमेखनच्या मुलांना एकत्र समजून घ्याव्या लागतात. अवघड भावना म्हणतात त्या याच.

डच बालसाहित्य याबाबतीत धीट आहे. पाउल व्हान लोनच्या पुस्तकांतला डॉल्फ्ये सातव्या वाढदिवसाला लांडगा-माणूस होतो, आणि त्याची खरी भीती अशी असते की सांभाळणारं घर आता आपल्याला ठेवून घेईल ना. दत्तक, सांभाळायला आलेली, वेगळी दिसणारी अशी किती मुलं त्या केसाळ पोरात स्वतःला बघत असतील. 1955 पासून चालत आलेल्या बालपुस्तक सप्ताहाचा 2017 चा विषयच भयकथा होता. शाळा आणि ग्रंथालयं मिळून भुतांची पुस्तकं मुलांच्या हातात देतात, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

मग मराठीत हे आत्ताच का? कारण माणसं लांब राहू लागली आणि मरण फोनवर आलं. 2020-21 च्या साथीत असंख्य घरांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शन पडद्यावर घ्यावं लागलं. परदेशातल्या कुटुंबांना तर एरवीही हेच नशिबी असतं. आजोबा सांगलीला वारतात, बाबा एकटे विमानाने जातात, आणि मूल दुसऱ्या दिवशी शाळेत. सोमवारी वर्गात सगळे गोल बसून शनिवार-रविवारी काय झालं ते सांगतात. मुलाला डचमध्ये भावना सांगायला शिकवलेलं असतं, पण दहावा, बारावा, पिंड हे सांगायला तिथे जागा नसते. आणि मराठीत ते सगळं असतं, पण मुलाला त्यात कुणी सामील करून घेतलेलं नसतं. कावळ्याच्या कुळातले करड्या मानेचे छोटे पक्षी नायमेखनच्या छपराछपरांवर आहेत, पण त्यांच्यासमोर पान ठेवून आजोबांना काही सांगावं, असं मुलाला कुणी सुचवत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्येही फार वेगळं चित्र नाही. "देवाघरी गेले" एवढ्यावर मुलांची बोळवण होते.

एक आक्षेप गंभीर आहे: भुताच्या गोष्टी देऊन आपण मुलांना पुन्हा अंधश्रद्धेकडे ढकलत नाही का? आमचं म्हणणं असं. भूत आहे असा दावा करून कुणाकडून काही उकळणं ही फसवणूक. भूत असतं तर ते काय म्हणालं असतं, असं विचारणं ही गोष्ट. मुलांना हा फरक मोठ्यांपेक्षा चांगला कळतो. आणखी एक खोट मात्र आम्हाला मान्य करावी लागली. आपल्या पारंपरिक भुतांना जात आहे, आणि त्यांतल्या बायका बहुतेक सोसून मेलेल्या आहेत. अळवंतीणीला पिढ्यान्‌पिढ्या नुसतं भिऊन आपण तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय केला. या संग्रहात ती जिथे येते, तिथे तिला बोलायला वेळ दिला आहे.

पुस्तकाची योजना थोडक्यात. गोष्टी साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. काही इथल्या वाल नदीकाठी घडतात, काही तळकोकणात, काही विदर्भात. भुतं आपापल्या गावचं बोलतात, मालवणी भूत मालवणीत आणि वऱ्हाडी भूत वऱ्हाडीत. लिहिणाऱ्यांना आम्ही तीनच बंधनं घातली. भुताला काहीतरी हवं असलं पाहिजे. ते काय आहे हे मुलानेच शोधलं पाहिजे, शेवटी येऊन उकल करणारा शहाणा काका नको. आणि गोष्ट संपताना दुःख नाहीसं झालं असं खोटं सांगायचं नाही. गेलेलं माणूस कुठल्याच गोष्टीत परत येत नाही. तात्पर्य छापलेलं नाही, आणि भीतीही पुरती काढून टाकलेली नाही. जिथे घाबरायला हवं तिथे मुलं घाबरतील.

आईबाबांना, आजी-आजोबांना एक विनंती. या गोष्टी मुलाला देऊन बाजूला होऊ नका, मोठ्याने वाचून दाखवा. फोनवरून वाचल्या तरी चालतील. वाचून झाल्यावर यातून काय शिकलास असं विचारू नका. मूल काही बोललं तर ऐका, नाही बोललं तर दिवा मालवा. आणि जमलं तर तुमची स्वतःची एक राहून गेलेली गोष्ट त्याला सांगा. पहिली पाळी मोठ्यांची आहे.